धामणीचे सात टाके

माझ्या गॅलरीत आता जेमतेम नऊ कुंड्या आहेत. कढीपत्ता, गवती चहा, दोन मोगरे आणि बाकी नातीने हौसेने आणून विसरलेली झाडं. पण माती उकरण्याआधी मी कुंडीच्या काठावर तीनदा टिचकी मारते आणि पुटपुटते, "सरा हो, सरा." नात हसते. म्हणते, "आजी, आत साधं गांडूळ नाही, तू सांगतेस कुणाला?" मी तिला म्हणते, तू तुझा मोबाईल बघ बाई. खरं सांगायचं तर ही रीत मी आयुष्यात एकदाच मोडली, आणि तेव्हापासून ती मला अशी जडली की मरेपर्यंत सुटायची नाही.

परभणीला आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे घरापेक्षा मोठं आवार. अण्णा कृषी विद्यापीठात कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतीविषयीची कागदपत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतःच्या वाफ्यांत उतरायचं, हा त्यांचा शिरस्ता. भेंडी, अंबाडी, मांडवावर दोडका, मोरीच्या पाण्यावर अळू आणि कोपऱ्यात पेरूचं झाड. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. स्टेशनात डबे जोडताना होणारा धडाका, पेरूवर पोपटांची भांडणं, आणि आईच्या भाकरीची थाप. आईची भाकरी परातीत अशी वाजायची की किती झाल्या ते आम्ही अंगणातून मोजावं. अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली की अण्णा वाफ्यातूनच म्हणायचे, "आलो, आलो," आणि पुढे अर्धा तास यायचे नाहीत.

आवाराच्या टोकाला, दगडी कुंपणाला लागून पाल्यापाचोळ्याचा ढीग असे. खत करायचं म्हणून तो दर रविवारी फावड्याने खालीवर करावा लागे, आणि ते काम माझ्याकडे होतं. त्या कामाला अण्णांनी एक नियम घालून दिला होता. पेरूच्या खोडाला बोरीची एक काठी टेकवून ठेवलेली असायची. आधी ती घ्यायची, ढिगावर तीनदा वाजवायची, "सरा हो, सरा" म्हणायचं, थोडं थांबायचं आणि मग फावडं घालायचं. अण्णा म्हणत, "दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी कडी वाजवतो की नाही आपण? मग? त्या ढिगात सतरा जणांचे संसार आहेत." वीस वर्षांत त्यांच्या फावड्याखाली साधी पालही सापडली नव्हती, आणि ह्या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की ऑफिसातल्या साहेबालाही त्यांनी तो सांगितला होता. सांगितलं की जनावर ऐकतं, यावर त्यांचा पक्का इतबार होता. माणसांबद्दल ते एवढ्या खात्रीने कधी बोलले नाहीत.

रविवारीच शेवंतामावशी यायची. ती पेडगावची. आठवडाभर विद्यापीठाच्या शेतात खुरपायची आणि रविवारी आमचे वाफे निंदायला यायची. काळी, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते पाडव्याच्या सुमारास परतायचे. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं. गावी असायची त्या महिन्यांत ती लोकांच्या वाकळा शिवून द्यायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ती टाके घालायला बसली की तिची सुई डोळ्यांनी दिसायची नाही, मागे पडलेली टाक्यांची ओळ तेवढी दिसायची. तिने शिवलेली वाकळ माझ्या बाळंतपणापर्यंत टिकली. कापड विरलं, टाके शाबूत होते.

गौरी-गणपती होऊन गेल्यानंतरचा तो रविवार. पोखर्णीहून दिगंबरकाका आले होते. ते अण्णांचे चुलतभाऊ. पोखर्णीचा नृसिंह आमचं कुलदैवत, आणि काका भिक्षुकी करत असल्याने आमच्या घरी धर्माचा शेवटचा शब्द त्यांचा असे. आईने सुशीला केला होता. मुरमुऱ्याचा हा पदार्थ काकांना इतका आवडायचा की तिसऱ्या बशीला ते नको म्हणायचे आणि बशी मात्र पुढे करायचे. माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. मैत्रीण कुंदाबरोबर दुपारच्या सिनेमाला जायचं ठरलं होतं, डोक्यावरून नहायचं होतं, आणि ढीग तर अजून तसाच. मी धावत मागे गेले. काठी पेरूपाशी, म्हणजे दहा पावलांवर. तेवढ्यासाठी कोण जातं, असं मनाशी म्हणत मी फावडं उचललं आणि जोराने ढिगात घातलं.

फावडं मऊ कशात तरी गेलं. ते हाताला कळलं, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितानाही त्या हाताला कळतंय. पाचोळा आतून उसळला आणि पिवळसर, मनगटाएवढं जाड अंग वळवळत बाहेर आलं. ते येतच राहिलं. धामण होती, सात फूट तरी असेल. शेपटीकडच्या अंगाला, कुशीत, वीतभर चीर पडून आतलं तांबडं मांस दिसत होतं. मी ओरडले असणार, कारण सगळे धावत आले. ती कुंपणापर्यंत गेली, दगडाला टेकली आणि तिथेच सैल पडली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिला प्रश्न हाच की, "वाजवलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो."

"तीनदा?"

"तीनदा."

असं खोटं पूर्वी कधी बोलले नव्हते असं नाही. पण त्या एका शब्दाने अण्णांचा चेहरा जो उतरला तो मी विसरू शकलेले नाही. ते मला रागावले असते, पाठीत धपाटा घातला असता, तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "मग ती सरली का नाही?" आणि पायरीवर बसून राहिले. आपल्याच हातून काहीतरी चुकलंय, म्हणून जनावरांनी आपलं ऐकणं सोडलं, असा त्यांनी अर्थ लावला. काकांनी त्यात भर घातली. घराच्या आवारात साप मारला गेला म्हणजे साधी गोष्ट नव्हे, निदान अग्नी तरी नीट दिला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं.

मग जे झालं ते आमच्यासारख्या घरातच होऊ शकतं. आईने गोवऱ्या काढून दिल्या. अण्णांनी त्या मोरीच्या दगडाशेजारी रचल्या. दोन काठ्यांवर उचलून धामणीला केळीच्या पानावर ठेवलं, तिच्यावर तुळशीपत्र ठेवलं, तोंडापाशी तांब्याचा पैसा ठेवला. तुपाची वाटीही आली. आणि काडी ओढायची तेवढ्यात काकांना शंका आली. नाग असता तर प्रश्नच नव्हता, पण धामणीला मंत्राग्नी द्यायचा की नाही? अण्णा म्हणाले, जीव तो जीव. काका म्हणाले, तसं कसं, मग उद्या उंदरालाही द्यावा लागेल. दोघे सख्खे असल्यासारखे भांडायला लागले. आज मी त्या शंकेखोर माणसाला मनोमन नमस्कार करते. ते एवढे काटेकोर नसते तर आम्ही काय करून बसलो असतो!

एवढ्यात मागच्या फाटकातून शेवंतामावशी आली. कमरेला खुरपं, डोक्यावर भाकरीचं फडकं.

"काय करायलेत वो?" तिने आईला विचारलं.

"वंदीच्या फावड्याखाली धामण सापडली गं. अग्नी द्यायलेत."

मावशीने वाकून पानाकडे पाहिलं. "जित्तीला?" ती म्हणाली.

मावशी उकिडवी बसली, पैसा आणि तुळस बाजूला केली, दोन्ही हात धामणीच्या अंगाखाली घातले आणि तिला पाठीवर उलटी केली. "मेलेलं लांबडं उलटं केलं की उलटंच ऱ्हातं," ती म्हणाली. "उसाच्या फडात शेवटचा तुकडा ऱ्हातो ना वैनी, तवा सगळी जनावरं त्यात गोळा व्हतात. लय बगितलेत मी. गप बगा आता." आम्ही बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग मानेपाशी बारीकशी हालचाल झाली आणि ती धामण, अगदी सावकाश, वळी वळी करत सुलटी झाली. दिगंबरकाका मोरीच्या दगडावर कधी चढले ते कुणी पाहिलं नाही, पण उतरताना त्यांना आईचा हात धरावा लागला.

"ढोराच्या डाक्टरला आण जा," मावशी मला म्हणाली. सायकल पेरूखाली होती. मी कुलूप काढत असताना ती मागून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्या काठीपसून खोडापतुर कोळ्याचं जाळं हाय. शाबूत हाय." मी मान वर केली नाही. जाळ्यात सकाळचं एक चिलट अडकलेलं होतं, तेच बघत राहिले. "जा बिगीनं," मावशी म्हणाली.

डॉक्टर सय्यद नवीनच आले होते, मिसरूड फुटल्यासारखे तरुण. मी दम खात सगळं सांगितलं तेव्हा ते जेवत होते. "म्हशीचं पोट शिवलंय, बैलाचं शिंग कापलंय," ते म्हणाले, "सापाला हात नाही लावला आजतागायत. पुस्तकातसुद्धा ती पानं आम्हाला सोडून दिली होती." आणि हात धुऊन पिशवी उचलली. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. भीती वाटत असताना ती कबूल करून जो माणूस निघतो, त्याच्याइतका भरवशाचा माणूस मला पुढे क्वचितच भेटला.

आमच्या ओट्यावर पोतं अंथरलं. मावशीने दस्तीचं फडकं चौपदरी करून धामणीचं डोकं धरलं. "मधलं अंग कोण धरणार?" डॉक्टरांनी विचारलं. अण्णा पुढे झाले. मावशी म्हणाली, "न्हाई अण्णा. हिलाच धरू द्या." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, आईनेही पाहिलं. धामणीच्या शेपटीचा फटका बसला की हात झडतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. काका ते पुन्हा सांगतही होते. पण मावशीच्या आवाजात असं काही होतं की कुणी वाद घातला नाही. मी बसले आणि दोन्ही तळवे त्या अंगावर ठेवले. ओलं, बुळबुळीत काहीतरी लागणार म्हणून मी दात आवळले होते. अंग कोरडं होतं, गार होतं, माठाखालच्या फरशीसारखं. आणि आतून श्वास जात होता. माझ्या एका तळव्याखालून दुसऱ्या तळव्याखाली जाईपर्यंत तो मला कळत होता. मी रडायला लागले. हात मात्र सोडले नाहीत.

डॉक्टरांनी पोटॅशच्या गुलाबी पाण्याने जखम धुतली, बधिर करायचं औषध टोचलं आणि सुईत काळा दोरा ओवला. दोन टाके घातले. तिसऱ्याला सुई लावली तेव्हा मावशी म्हणाली, "डाक्टरसाब, राग मानू नका. कड आत चालली."

"म्हणजे?"

"तिची कातडी आत मुडपायलीय. वाकळंची कड अशी आत गेली तर वरून शिवल्यावानी दिसतं, पर आत धरत न्हाई. दोन्ही कडा बाहीर उभ्या ठिवा, तोंडाला तोंड लावून, आन मंग टाका घाला."

डॉक्टर थांबले. वाकून बघितलं. खवल्यांची कड खरोखरच आतल्या बाजूला वळत होती. शिकलेल्या माणसाला अंगठाबहाद्दर बाईने चारचौघांत चूक दाखवावी, आणि तीही त्याच्या स्वतःच्या कामात! काकांनी घसा खाकरला. डॉक्टरांनी कात्री घेतली, दोन्ही टाके कापून टाकले आणि म्हणाले, "बरोबर आहे मावशी. तुम्ही सांगा, मी घालतो." मग ती सांगत गेली आणि ते घालत गेले. "आता जरा लांब घ्या. हां. ओढू नका, नुसतं भेटू द्या." सात टाके. त्या जखमेवर मग एक बारीकसा उभा बांध तयार झाला, वाफ्याच्या कडेला असतो तसा. त्या सगळ्या वेळात धामणीने एकदाच तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाला चावली नाही. तिच्या जागी मी असते तर सगळ्यांना चावले असते.

"टाके काढायला हिला परत कोण धरणार?" डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "कात टाकेल तेव्हा दोरेही जातील बहुतेक. जगली तर." पैसे घ्यायला ते तयार नव्हते, म्हणून आईने त्यांना जेवायला बसवलं. चितेसाठी काढलेल्या गोवऱ्यांवर तिने वांगी भाजली. काका म्हणाले, त्या गोवऱ्या संकल्पाच्या आहेत, चालणार नाहीत. आई म्हणाली, संकल्पच मोडला तर गोवऱ्यांनी काय पाप केलंय? भरीत झालं तेव्हा काका दोन भाकरी जास्त जेवले. कुंदा सिनेमाच्या दारात उभी राहून घरी गेली आणि पुढे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

धामणीला आम्ही काठ फुटलेल्या जुन्या रांजणात ठेवलं, तोंडाला आईचं विटकं लुगडं बांधून. उंबऱ्याच्या आत जनावर येऊ देणार नाही म्हणणारी आई रोज सकाळी लुगड्याची कड उचलून आत पाण्याची वाटी सोडायची आणि म्हणायची, "अगं, पी गं माये." तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लुगड्याची गाठ सैल झालेली दिसली. रांजण रिकामा होता. जगली की मुंगसाने नेली, कुणालाच कळलं नाही.

पण खरं नुकसान वेगळंच झालं होतं. अण्णांनी मला काठी वाजवायला आणि ढीग हलवायला सांगणं सोडलं. मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "आता वाजवून काय करायचं? त्यांनी ऐकायचं सोडलंय." मग हळूहळू वाफ्यात उतरणंही थांबलं. ऑफिसातून आले की ते पेपर घेऊन पुढच्या ओट्यावर बसत. पँट दुमडलेली नाही, हाताला माती नाही. दोडक्याचा मांडव वाळून खाली आला. आई बाजारातून भेंडी आणायला लागली, आणि अण्णा ती न बोलता खायचे. एका माणसाने आयुष्यभर सांभाळलेला विश्वास माझ्या एका 'हो'ने गेला होता, आणि तो परत करणं एकट्या माझ्या हातात होतं. रोज ठरवायची, आणि रोज अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची.

दसऱ्यानंतर मावशी निरोप घ्यायला आली. आईने तिला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. फाटकापर्यंत मी गेले. ती म्हणाली, "मी सांगनार न्हाई. ते काम तुजं हाय. पर मी येईस्तोवर सांगितलेलं असू दे." ती टोळीच्या ट्रकमध्ये कुठे बसली असेल, कोणत्या फडात वाकली असेल, हे हिवाळाभर माझ्या मनात येत राहिलं. मला तिची भीती वाटत नव्हती. तिच्यासमोर तशीच्या तशी उभी राहायची लाज वाटत होती.

फाल्गुनात ऊन तापायला लागलं. एका रविवारी मी आपणहून मागे गेले. ढीग कुणी हलवलेलाच नव्हता. मी काठी घेतली, जाळं पुसलं, तीनदा वाजवलं, "सरा हो, सरा" म्हणाले आणि मनात शंभर आकडे मोजले. मग फावडं बाजूला ठेवून हातानेच पाचोळा सारायला लागले. कुंपणाच्या दगडाच्या फटीत कात अडकली होती. मी ती इंचाइंचाने सोडवली. लांबलचक, ऊन आरपार जाणारी. आणि शेपटीकडे, कुशीत, खवल्यांच्या रांगा मोडून उभी राहिलेली एक बारीक कड. पाच टाक्यांत काळा दोरा तसाच होता. दोन ठिकाणी नुसती भोकं.

ती कात दोन्ही तळव्यांवर धरून मी अण्णांपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. काठीला हात लावला नव्हता, सिनेमाला जायचं होतं, खोटं बोलले. अण्णांनी चष्मा लावला. कात उन्हाकडे धरून एकेक टाका बघितला. मग विचारलं, "म्हणजे वाजलंच नव्हतं?"

"नाही."

"एकदासुद्धा नाही?"

"नाही, अण्णा."

त्यांनी कात माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "जा, अभ्यास कर." त्या दिवशी ते त्याहून जास्त बोलले नाहीत, पुढचे दोन दिवसही नाहीत. त्या दोन दिवसांत मी जेवले किती आणि काय, मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी आली. ऊन खाऊन आणखी काळी झालेली, तळहात उसाच्या पाचटाने चिरलेले. पिशवीतून गुळाची ढेप काढून तिने आईला दिली. मी कात आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उलगडली, शेपटीकडून बोट फिरवत आणलं आणि त्या उभ्या कडेवर थांबवलं. पुढे-मागे, पुढे-मागे फिरवलं. "धरली गं," ती म्हणाली, "तोंडाला तोंड लागलं." तिच्या चिरलेल्या बोटाखाली ती कात किती नाजूक दिसत होती. मग तिने वर बघितलं. काय विचारणार ते मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मागच्या आवारातून आवाज आला. ठक, ठक, ठक. आणि ऑफिसातून येऊन चहासुद्धा न घेतलेल्या माणसाचा मोठा, खणखणीत आवाज, "सरा हो, सरा!"

मावशीने कान देऊन ऐकलं. कातीची घडी केली आणि माझ्या हातात ठेवली.

"सांगितलंस मंग," ती म्हणाली.